राखून ठेवलेली थाप

१

दुपारी दीडच्या सुमारास मी दुकानाचं शटर अर्धं खाली ओढतो. डोंबिवलीत त्या वेळी चष्मा घ्यायला कोणी फिरकत नाही, आणि फिरकलंच तर दांडीचा स्क्रू फुकटात घट्ट करून घ्यायला. मागच्या खोलीत काचा घासायचं मशीन आहे, एक टेबल आहे आणि टेबलावर माझा जुना टेपरेकॉर्डर आहे. डबा उघडायचा, कॅसेट लावायची, पाय समोरच्या खुर्चीवर टाकायचे. माझी बायको उत्तरा याला ‘देवेशची पूजा’ म्हणते. म्हणू दे. लोक दुपारी झोपतात, मी अल्बम ऐकतो.

अल्बम, गाणी नव्हे. यावरून मी कोणाशीही भांडायला तयार आहे. हल्ली गाणी सुटी मिळतात, वाण्याकडच्या सुट्या बिस्किटांसारखी. अल्बमला दोन बाजू असतात. एक संपली की उठून कॅसेट उलटी करावी लागते आणि तेवढ्या उठण्यात माणूस जरा विचार करतो. आम्ही कॉलेजात असताना कल्याणच्या बाजारात एक जण कोऱ्या कॅसेटवर इंग्लिश रॉक बँड भरून द्यायचा. बँडचं नाव चुकीचं, गाण्यांचा क्रम चुकीचा आणि शेवटचं गाणं टेप संपली म्हणून मधेच कापलेलं. त्या कापलेल्या गाण्यांवर आम्ही जीव टाकला. पुढे कधीतरी ती पूर्ण ऐकायला मिळाली तेव्हा, खरं सांगतो, उरलेला भाग मला परका वाटला.

आणि वर्षांनी पुन्हा एकत्र येणाऱ्या बँडांबद्दल तर बोलायलाच नको. पोटं सुटलेले चार जण, रात्रीसुद्धा काळे गॉगल, सूर दोन पट्ट्या खाली, आणि ज्याच्यामुळे बँड बँड होता तो एकतर भांडून गेलेला नाहीतर कायमचा गेलेला. बँड म्हणजे चार माणसं नसतात, त्या चार माणसांचं एक वय असतं. ते कुठून आणणार? एवढं बोलून झाल्यावर असल्या कार्यक्रमाचं तिकीट काढायला पहिला उभा राहणारा मीच असतो.

दुपारी मात्र एकच कॅसेट. बँडचं नाव ‘मिठागर’, अल्बमचं नाव ‘उधाण’. तुम्ही ऐकलेला नसणार, तो फोनवरही सापडणार नाही. ठाण्याच्या कॉलेजातले आम्ही मित्र. सुशांत गायचा आणि गिटार वाजवायचा, नयन बेस वाजवायचा आणि कोलशेतचा गोपीनाथ ड्रम्सवर. गोपीच्या घराच्या माडीवर एका दुपारी हा अल्बम रेकॉर्ड झाला. टेपरेकॉर्डर माझा, बटण दाबणारा मी. बँडमधलं माझं काम एवढंच, पण त्यासाठी मी एक परीक्षा बुडवलेली.

शेवटचं गाणं ‘पांढरे ढीग’, मिठाच्या ढिगांवरचं. ते चढत चढत जातं, तिघं एका जागी येऊन पोचतात, आणि जिथे शेवटची दणदणीत थाप पडायला हवी तिथे काहीच पडत नाही. नुसती टेपची सरसर. हा गोपीच्या वडिलांचा, गुणाजींचा, नियम. गुणाजी गावात हळदीला ढोलकी वाजवायचे. तालमीत शेवटची थाप मारायची नाही, ती मांडवासाठी राखायची, असं त्यांच्या घरात होतं. घरातच मारली तर मांडवात काय मारणार? गोपीने तो नियम ड्रम्सला लावला. माडी म्हणजे घर, म्हणून अल्बमवरही थाप नाही. पहिला जाहीर कार्यक्रम ठरला होता, तिथे ती वाजणार होती. कार्यक्रमाच्या आठवड्यातच गोपीची कावीळ पोटात उतरली आणि तो गेला. बँड तिथेच संपला.

तर गेल्या दिवाळीनंतरची एक दुपार. ‘पांढरे ढीग’ नेहमीच्या जागी थांबलं. मी डब्याच्या तळाची चटणी पुसून खात होतो. सरसर चालू होती, आणि त्या सरसरीत स्टूल करकरलं. बसलेला माणूस जरा सावरून बसतो, तेव्हा करकरतं तसं.

ही कॅसेट मी अर्धं आयुष्य ऐकतोय. तिच्यात स्टूल नाही.

२

माझा धंदा काचांचा. गिऱ्हाईक म्हणतं, दोन-दोन दिसतं, तर मी भूत म्हणत नाही, नंबर तपासतो. त्यामुळे मी आधी टेपरेकॉर्डर उघडला. हेड स्पिरिटने पुसलं, पट्टा बदलला. मग आठवलं की टेप गुंडाळून वर्षानुवर्षं पडली की एका थरावरचा आवाज शेजारच्या थरावर हलकासा उमटतो. हे मी कुठेतरी वाचलेलं आहे आणि ते खरं आहे. आधीच्या कुठल्यातरी गाण्यातलं स्टूल इथे उमटलं असणार. मला बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी स्टूल करकरलं आणि त्याच्यामागून ड्रमच्या दोन काठ्या एकमेकींना लागल्याचा आवाज आला. दोन्ही एका हातातून दोन हातांत घेताना लागतात तसा, अगदी हलका.

मग रोज तेवढंच. स्टूल, काठ्या, आणि नंतर सरसर. मी वाट बघायला लागलो. जेवणाकडे लक्ष लागेना. एका रविवारी मी कॅसेट घरी नेली आणि काही न सांगता उत्तराला ऐकवली. तिने हा अल्बम लग्नापासून सोसलेला आहे, तिला तो माझ्याइतकाच पाठ आहे. ती भाजी निवडत बसली होती. गाणं थांबलं. तिने मान वर केली.

“हे काय रे? संपल्यावर पण कोणीतरी बसलंय ना आत?”

“काय ऐकू आलं तुला?”

“ऐकू काय येणार? पण बसलंय कोणीतरी. बंद कर बाई ते.”

मी बंद केली. त्याच संध्याकाळी सुशांतचा फोन आला. सुशांत आता ठाण्यात एका मोठ्या कंपनीत मोठ्या हुद्द्यावर आहे, डोक्याला रंग लावतो आणि वर्षातून एकदा मला दारू पाजून रडतो. म्हणाला, “देव्या, आपण परत वाजवतोय.”

गोपीचं कोलशेतचं घर बिल्डरला गेलं होतं. गोपीची आई, गोदूबाई, तेवढी घर सोडायची राहिली होती. ते पाडायच्या आधी त्याच अंगणात मांडव घालून, जुन्या मित्रांना बोलावून, ‘उधाण’ पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजवायचा, असा सुशांतचा बेत होता. ड्रम्सला नयनची मुलगी उर्वी. ती कल्याणला राहते, दोन-तीन बँडांत वाजवते, आणि बापापेक्षा कितीतरी चांगली वाजवते.

“आणि ऐक,” सुशांत म्हणाला, “मांडव आहे म्हटल्यावर ती थाप मारायची. शेवटची. माझ्या घशात अडकलीय ती एवढी वर्षं.”

मी नाही म्हणायला हवं होतं. पुन्हा एकत्र येणाऱ्या बँडांबद्दलचं माझं सगळं तत्त्वज्ञान जिभेवर होतं. पण डोळे भरून आले आणि तोंडातून “कधी?” एवढंच निघालं.

३

कोलशेतला मी बऱ्याच वर्षांनी गेलो. रिक्षावाल्याला पत्ता सांगताना मी कारखान्याची खूण सांगितली, त्याने टॉवरचं नाव विचारलं. उंच इमारतींच्या मधोमध गोपीचं घर तेवढं कौलं सांभाळून बसलं होतं. वाऱ्याला अजून खाडीचा वास होता.

गोदूबाई ओटीवर बसली होती. वय झालंय, पण आवाज तोच.

“काय रं देवेस, केस कुठं ठेवून आलास?”

“तुमच्या माडीवरच राहिले असतील, काकी.”

“बग मंग जाऊन. वरती सगला तसाच हाय.”

खरंच तसंच होतं. लाकडी जिना, खाली वाकायला लावणारं दार, एकच खिडकी, आणि खिडकीशेजारी गोपीचा ड्रमसेट. घरातली माणसं गेल्यावर वस्तूंवर धूळ बसते, इथे धुळीचा कण नव्हता. पितळी झांजा तर इतक्या चकचकीत की त्यांत खिडकी दिसत होती. गोदूबाई त्या चिंचेने घासते, देवाच्या भांड्यांबरोबर. कुठल्याही ड्रमरने हे ऐकलं तर त्याला भोवळ येईल. मी हसलो. मग ते स्टूल दिसलं.

काळं रेक्झिन, मधे खळगा. तळहात टेकवला तर गार लागलं, म्हणजे कोणी बसलेलं नव्हतं, मला हायसं वाटलं. खिडकीतून ऊन येत होतं आणि स्टूल सोडून सगळ्या वस्तू कोमट होत्या. त्याचं मला तेव्हा काही वाटलं नाही.

गोदूबाई हळूहळू जिना चढून आली आणि दारातच टेकली. थोडा दम घेऊन म्हणाली, “तुला येक सांगू? कोनाला सांगला नाय मी.”

“सांगा ना.”

“दुपारचा जेवान झाला का मी खाली आडवी होतंय. तवा तो वरती बसतो. वाजवीत नाय. नुसता बसतो. स्टूल वाजतं, मंग काट्या वाजतान. मंग गप.”

मी स्टुलापासून एक पाऊल मागे सरकलो. कॅसेटबद्दल मी अजून उत्तरा सोडून कोणाला सांगितलं नव्हतं.

“घाबरू नको रं, माजा पोर हाय तो,” ती म्हणाली. “त्याची ती थाप राहिली ना, म्हनून थांबलाय. ती वाजली का जाईल. सुशांत बोलतो मांडवान थाप मारू. तुमी गानी वाजवा, नाचा, काय पन करा. ती थाप नको. तू बग त्याला. मला वचन दे.”

“पण काकी, घर पाडल्यावर?”

“तवाचा तवा बगू. आज हाय ना?”

तिने माझा हात धरला होता. मी वचन दिलं. दुसरं काय करणार होतो? आणि मनातल्या मनात हेही बोललो की मलाही तो जायला नको आहे. रोज दुपारी माझ्या मागच्या खोलीत एक मित्र सावरून बसतो, यात वाईट काय आहे?

४

तालमी माडीवरच झाल्या. रविवारी दुपारी, जेवणं आटोपून. पहिल्या दिवशी तिघं खोलीत मावत नव्हती. नयनचं पोट बेसच्या आड लपत नव्हतं आणि सुशांतला वरचा सूर लागत नव्हता. मग दुसऱ्या गाण्याच्या मध्यावर कुठेतरी, माहीत नाही कसं, ते पूर्वीसारखे वाजवायला लागले. नयन डोळे मिटून मान हलवत होता, अगदी विशीतल्यासारखा. मी दारात हेडफोन लावून रेकॉर्डिंग बघत होतो, आणि कोणाला दिसू नये म्हणून चष्मा पुसत होतो. माझं तत्त्वज्ञान त्या दुपारी बाराच्या भावात गेलं.

उर्वीने पहिलं गाणं संपताच तक्रार केली. “देवेशकाका, स्टूल कोणी खाली केलं? मी आत्ता माझ्या मापाचं करून घेतलेलं.”

“स्क्रू झिजला असेल,” मी म्हटलं. स्क्रू माझा प्रांत. मी पकड आणून तो आवळला. स्क्रू झिजलेला नव्हता. पुढच्या गाण्याला स्टूल पुन्हा खाली. गोपी ठेंगणा होता, स्टूल खालीच ठेवायचा. सुशांतने माझ्याकडे बघितलं आणि लगेच गिटार जुळवायला घेतली.

गोदूबाईची अट मी त्यांना सांगितली. सुशांतचा चेहरा पडला. आम्ही जिन्यात उभं राहून वाद घातला, दबक्या आवाजात, कारण खाली ती होती.

“तू स्वतः ऐकवलंस ना मला कॅसेटवर?” सुशांत म्हणाला. मी त्याला कॅसेट ऐकवली होती, एकदाच. तो सिगरेट न पेटवता नुसती हातात धरून होता. “मग त्याला मोकळं करायला नको का रे आपण? का नुसतं बसवून ठेवायचं?”

“तिचा मुलगा आहे, सुश्या. ती ठरवेल.”

“ठीक आहे,” तो शेवटी म्हणाला. “तिचं घर, तिचा मांडव. उर्वी, शेवटची थाप नाही. हात खाली.”

“तेच सांगायचंय काका,” उर्वी म्हणाली. ती स्वतःचे दंड चोळत होती. “हे एक गाणं संपलं ना, की माझे हात भरून येतात. वाजवताना नाही. थांबल्यावर. कोणीतरी वर धरून ठेवायला सांगितल्यासारखे.”

“नवीन सेट आहे, सवय नाही,” तिचे वडील म्हणाले. सेट नवीन नव्हता, पण आम्ही तिघांनीही माना हलवल्या.

५

दुकानात कॅसेट पुढे सरकत होती. म्हणजे टेप तेवढीच, पण शेवटाला भर पडत होती. काठ्यांनंतर आता श्वास यायचा, आत घेतलेला. मग सदऱ्याची बाही सरकल्याचा आवाज. मग काहीच नाही, आणि त्या काहीच नाहीमध्ये एक बारीकशी किटकिट. सुरुवातीला इतकी बारीक की मला ती मशीनचीच वाटली. मी मशीन बंद करून, पंखा बंद करून, शटर पूर्ण खाली ओढून ऐकलं. लाकडावर लाकूड लागत होतं. किट, किट, किट. लय नव्हती तिला. गोपीकडून बिनलयीचं काही ऐकल्याचं मला आठवत नाही, तो चहाच्या कपात चमचासुद्धा तालात ढवळायचा. म्हणूनच ते ऐकवत नव्हतं.

दर दिवशी ती किटकिट थोडी वाढायची.

मी स्वतःला खूप समजावलं. टेप जुनी झाली, तिच्यावरचा थर सुटतोय. माझे कान पन्नाशीचे झालेत. तालमींमुळे डोक्यात तेच घोळतंय. यातलं प्रत्येक कारण शहाण्या माणसाला पटेल असं होतं आणि मला एकही पटत नव्हतं. एकदा तर मी गाणं संपायच्या आधीच हात पुढे करून टेप थांबवली. मग वाटलं, तो तिथे बसलाय आणि मी त्याच्या तोंडावर दार लावलं. पुन्हा सुरू केली. किटकिट चालूच होती, जणू माझी वाट बघत थांबली नव्हतीच.

हा आवाज कशाचा, ते मला कळत नव्हतं. आणि खरं म्हणजे मी कळून घेत नव्हतो.

६

मांडव साधाच होता. लाल-पिवळं कापड, झालर, आंब्याचे टहाळे. गोदूबाईने हट्टाने चारही खांबांना हळद-कुंकू लावलं. जुनी मित्रमंडळी आली, कोणी ठाण्याहून, कोणी कल्याणहून, एक जण थेट पुण्याहून. टकलं, ढेऱ्या, गुडघ्याला पट्टे. दोघातिघांनी तेव्हा माझ्याकडून भरून घेतलेली आपापली ‘उधाण’ची कॅसेट बरोबर आणलेली, वाजवायला घरात काही नसलं तरी. आम्ही एकमेकांना ओळखायला वेळ लावला आणि ओळखल्यावर सोडेनासे झालो.

ड्रमसेट माडीवरून खाली आणला होता. गोदूबाईने झांजा आदल्या दिवशी पुन्हा चिंचेने घासलेल्या. ती पहिल्या रांगेत, प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसली होती, नवं लुगडं नेसून. मी तिच्या शेजारी, सुशांतच्या भाच्याने लावलेल्या कॅमेऱ्याच्या पुढेच. ऊन अजून अंगणात होतं.

त्यांनी ‘उधाण’ वाजवला. मी काय सांगू? सुशांतचा वरचा सूर फाटला, आणि फाटला तिथेच सगळ्यांनी मिळून तो गायला. पुणेकर ढसाढसा रडत होता. मला वाटलं, वय परत येत नाही हे खरं, पण घटकाभर भेटायला येतं.

मग ‘पांढरे ढीग’. गोदूबाईने माझं मनगट धरलं. गाणं चढत गेलं, चढत गेलं, तिघं त्या जागी येऊन पोचली, आणि थांबली. उर्वीने ठरल्याप्रमाणे काठ्या मांडीवर ठेवल्या.

कोणी टाळी वाजवली नाही. सगळ्यांना माहीत होतं गाणं असंच थांबतं. पण त्या शांततेत कोणी हललंही नाही, कारण ती संपत नव्हती. स्टूल करकरलं. उर्वी हलली नव्हती. तिचा चेहरा पांढरा पडला होता आणि ती एकटक समोर बघत होती. मग किटकिट सुरू झाली, दुकानात व्हायची तीच, पण आता उघड्यावर, मांडवात. किट, किट, किट, किट.

मी मोठ्या झांजेकडे बघितलं. पितळेत वाकडातिकडा मांडव दिसत होता, झालर दिसत होती, उर्वी दिसत होती, हात मांडीवर. आणि तिच्या डोक्याच्या वर दोन हात. कोपरापासून वरचे. सदऱ्याच्या बाह्या खाली घसरलेल्या, मुठींत काठ्या, आणि त्या मुठी लटलट कापत होत्या. कापताना काठ्या एकमेकींना लागत होत्या.

त्याहून जास्त मी बघितलं नाही. मी खाली, माझ्या चपलांकडे बघायला लागलो.

माझ्या मनगटावरची पकड सुटली. गोदूबाई उठून उभी राहिली होती. तिला काय आणि किती दिसत होतं, मला माहीत नाही. ती रडत नव्हती. पोर शाळेतून दमून आल्यावर आई बोलते, तशी बोलली.

“आरं, हात बग त्याचं,” ती म्हणाली. “कवापासून वरती धरलान हात. कापतान रं. मला वाटला बसलाय पोर. बसलाय नाय, हात धरून ऱ्हायलाय. आन मीच बोलतंय, नको मारू, नको मारू.”

“काकी,” मी म्हणालो. मलाही तो जायला नको होता, हे मला त्याही क्षणी वाटत होतं. मी तिचा पदर ओढला असेल. तिने तो सोडवून घेतला आणि दोन पावलं पुढे गेली.

“मार, बाला,” ती म्हणाली. “मांडव हाय हा. मानसा बसल्यान बग. मार.”

मी उठलो. का उठलो, सांगता येत नाही. अडवायला असेल.

थाप पडली.

मी ती कशी सांगू? ड्रम, झांज, खालचा मोठा नगारा, सगळं एका दमात. छातीत बसली. कौलांवरून कबुतरं उडाली, माडीच्या रिकाम्या खिडकीची काच थरथरली. झांज कितीतरी वेळ हेलकावत होती. उर्वी हात मांडीवर तसेच ठेवून हमसून हमसून म्हणत होती, “मी नाही मारली. बाबा, मी नाही मारली.” नयनने तिला स्टुलावरून उठवून कवटाळलं. मागच्या रांगांना वाटलं तिनेच मारली, त्यांनी उठून टाळ्या सुरू केल्या. व्हिडिओत काही दिसत नाही. ऐन वेळी मी उभा राहिलो, आणि ड्रम्सच्या जागी माझं टक्कल आहे.

गोदूबाई स्टुलाजवळ गेली. माडीवर उन्हातही गार असलेल्या त्या रेक्झिनवर हात ठेवला.

“कोमट हाय,” ती म्हणाली, आणि खुर्चीत येऊन बसली.

७

घर पडलं. गोदूबाई आता कल्याणला भाचीकडे राहते. परवा मी तिचा नवा चष्मा द्यायला गेलो होतो. चष्मा लावून तिने मला आधी डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं आणि मी म्हातारा झालोय असं सांगितलं. मग चहा देताना म्हणाली, “दुपारची झोप लागते रं आता.” हे तिने चांगलं म्हणून सांगितलं की वाईट म्हणून, ते मला तिच्या तोंडावरून कळलं नाही. चहा मात्र तिने माझ्या बशीत ओतून दिला, गोपीला द्यायची तसा.

मांडवानंतर बरेच दिवस मी कॅसेट लावली नव्हती. वाटत होतं, आता शेवटी थाप असेल. किंवा पूर्वीसारखी नुसती सरसर असेल. दोन्हीची माझी तयारी होती. मग एका दुपारी शटर अर्धं खाली ओढलं, डबा उघडला आणि बटण दाबलं.

पहिलं गाणं सुरू झालं. गिटार आली. बेस आला. सुशांतचा विशीतला आवाज आला. माझ्या हातातला घास हातातच राहिला.

ड्रम्स नव्हते.

कुठेच नव्हते. मी ए बाजू ऐकली, उलटी करून बी बाजू ऐकली. जिथे गोपी असायचा तिथे नुसती खोली होती. सुशांत आणि नयन एका रिकाम्या जागेबरोबर ताल धरून वाजवत होते, आणि एके ठिकाणी गाता गाता सुशांत कोणाला तरी हसला. ते हसणं पूर्वीपासून त्यात आहे. गोपीने काहीतरी वेडावाकडा तोंडाचा चाळा केला होता, मला आठवतंय, मी तिथे होतो.

पुण्याच्या मित्राला फोन केला. त्याच्याही कॅसेटवर नाहीत. तो म्हणाला, आपल्याला आवाज तरी नीट आठवतो का रे? मी म्हटलं, मला आठवतो.

म्हणून रोज दुपारी मी कॅसेट लावतो आणि टेबलावर बोटांनी गोपीचे ड्रम्स वाजवतो. मला वाजवता येत नाही, पण पाठ आहे. मशीनशेजारी डबा, डब्याचं झाकण म्हणजे झांज. ‘पांढरे ढीग’ चढत चढत त्या जागी येतं आणि सगळं थांबतं. माझा हात वर असतो. सरसर चालू असते. पूर्वी मला हा क्षण अल्बममधला सगळ्यांत सुंदर क्षण वाटायचा, तिथे थांबून राहावंसं वाटायचं.

आता मी थांबत नाही. दंड भरून यायच्या आत झाकणावर थाप मारतो, आणि शटर वर करतो.